दोन अळणी ताटं

उभ्या आयुष्यात मला मिठाने जेवढं छळलं, तेवढं कुठल्याही साहेबाने छळलं नाही. एका स्वयंपाक्याने असं लिहावं याचं तुम्हाला हसू येईल. खुशाल हसा. माझं त्या वेळी रक्त आटत होतं.

संपादकांनी पत्र पाठवून सांगितलं, "तारापूरच्या परदेशी साहेबांचे गमतीदार किस्से लिहा." गमती होत्या, नाही असं नाही. एक साहेब गरम वरणात बर्फाचे खडे टाकून खायचा. एका मडमेने ताज्या पापलेटाला डोकं असल्याबद्दल लेखी तक्रार केली होती. पण हे किस्से मी इतक्यांदा सांगितलेत की आता माझे मलाच खोटे वाटायला लागलेत. आज जे सांगणार आहे ते मी सहसा सांगत नाही, कारण त्यात माझी चूक आहे.

मी तारापूरशेजारच्या घिवलीचा. बाप मच्छीमार, आजा मच्छीमार, आणि मला होडीत बसलं की उलट्या. दोन वर्षं बापाने वाट बघितली, मग कंटाळून मला मुंबईला ओळखीच्या माणसाकडे धाडलं. फोर्टातल्या एका हॉटेलच्या भटारखान्यात मी सात वर्षं काढली आणि रोस्टपासून पुडिंगपर्यंत सगळं शिकलो. साठच्या दशकात आमच्या किनाऱ्यावर अणुवीज केंद्राचं बांधकाम सुरू झालं, अमेरिकन इंजिनिअर आले, त्यांच्यासाठी गेस्ट हाऊस झालं आणि 'इंग्लिश जेवण' येणारा माणूस हवा म्हणून मला बोलावलं. घरापासून दोन मैलांवर पांढरी टोपी घालून उभा राहिलो. गावाला वाटलं, बाळकृष्णाचं भाग्य उजळलं.

या साहेब लोकांचं जेवण म्हणजे निम्मं थंड मांस. हॅम, सलामी, सॉसेज, बेकन. काही डब्यातून यायचं, काही मुंबईहून बर्फाच्या पेटीत, बोईसर स्टेशनवर उतरायचं आणि जीपने आमच्याकडे. ज्यांनी हे कधी खाल्लं नाही त्यांच्यासाठी सांगतो. डुकराचं मांस मिठाच्या पाण्यात मुरवतात, लाल दिसावं म्हणून त्यात सोरा नावाचा क्षार घालतात, काहींना धुरी देतात. मग ते टिकतं. पातळ चकत्या कापायच्या, पावात घालायच्या, झालं जेवण. आमच्या गावच्या बायका उन्हात मासळी खारवतात त्यातलाच हा प्रकार. नाव इंग्रजी, एवढाच फरक. हे मला पहिल्याच दिवशी कळलं आणि त्याचा मला गर्वही वाटला. पुढे त्याच गर्वाने घात केला.

डॉसन नावाचा एक साहेब होता. पाइपांच्या जोडकामावरचा मुख्य. पन्नाशीचा, दारात उभा राहिला की खोलीत अंधार व्हायचा एवढा थोराड. बायको वारलेली, मूलबाळ नाही, कामाशिवाय दुसरं काही सुचत नाही असा माणूस. मला तो 'बालू' म्हणायचा. सकाळी अंड्यांबरोबर हॅमच्या चार चकत्या, दुपारी सलामीचे दोन सँडविच, संध्याकाळी परत सॉसेज. भाजी वाढली की म्हणायचा, "बालू, हा पाला तुझ्या बकरीला दे."

एका सकाळी तो नाश्त्याला आला तेव्हा त्याचे डोळे सुजून बारीक झालेले होते. मला वाटलं जागरण असेल. चार दिवसांनी पाय सुजून त्याला बुटाची नाडी बांधता येईना. तेव्हा तो दवाखान्यात गेला.

साइटच्या दवाखान्यात डॉक्टर रणदिवेबाई होत्या. पंचेचाळिशीच्या, सडपातळ, आवाज असा की सिमेंटच्या ट्रकवरचे हमालसुद्धा त्यांच्यापुढे बिड्या विझवायचे. त्या सरळ माझ्या स्वयंपाकघरात आल्या.

"बाळकृष्ण, हा डॉसन आठवड्यातून किती वेळा हॅम खातो?"

"आठवड्यातून? बाई, दिवसातून किती वेळा ते विचारा."

त्यांनी कपाळाला हात लावला. मग मला दवाखान्यात नेलं. काचेच्या नळीत डॉसनची लघवी होती. ती त्यांनी स्पिरिटच्या दिव्यावर धरली. उकळी आली तशी वरची बाजू पांढरी गढूळ झाली, उकळत्या पाण्यात अंडं फुटल्यावर होते तशी. औषधाचे दोन थेंब टाकले तरी ते पांढरं गेलं नाही.

"हे अंगातलं सत्त्व आहे. राहायला पाहिजे रक्तात, आणि जातंय बाहेर. मूत्रपिंडांची चाळणी फाटलीय. मीठ बाहेर टाकायची ताकद त्यांच्यात उरलेली नाही. मीठ पाण्याला धरून ठेवतं, म्हणून सूज. त्याला मी घरी जा म्हणाले, तो ऐकत नाही. पाइपांचं काम पुरं झाल्याशिवाय हलणार नाही म्हणतो. तेव्हा आता माझं औषध निम्मं आणि तुझं स्वयंपाकघर निम्मं."

त्यांनी कागद लिहून दिला. मीठ बंद. डब्यातलं, खारवलेलं, धुरी दिलेलं मांस बंद. सॉस, लोणचं, चीज, खारं लोणी बंद. बाजारचा पाव बंद, कारण त्यातही मीठ. दिवसाला एक अंडं किंवा तळहाताएवढा ताज्या कोंबडीचा तुकडा. भात, दुधी, भोपळा. पाणी मोजून.

मी तो कागद दोनदा वाचला. बाईंना विचारलं, "मग चव कशाने आणायची?"

"ते तुझं काम," बाई म्हणाल्या आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.

दुसऱ्या दिवशी मी पहिलं अळणी ताट वाढलं. डॉसनने एक घास खाल्ला, काटा खाली ठेवला.

"बालू, हे काय आहे?"

"कोंबडी, साहेब."

"नक्की? कोंबडीला हे कुणी सांगितलंय का?"

बाजूचे साहेब हसले. माझे कान तापले. सात वर्षं फोर्टात काढलेल्या माणसाला हे ऐकावं लागलं, ते एका कागदापायी.

त्यानंतरचे दोन महिने मी मिठाशिवाय चव शोधत फिरलो. आमसूल घातलं तर बाई ओरडल्या, "अरे, आमसुलं मिठाच्या पाण्यात बुडवून वाळवतात!" खाण्याचा सोडा घातला तर म्हणाल्या तोही मिठाचाच भाऊ. घरी पाव भाजायला घेतला. तेव्हा कळलं की मीठ नसलं की पीठ माजतं. भराभर फुगतं, आणि भट्टीत गेलं की बसतं. पाच दिवस मी विटा भाजल्या. शेवटी खमीर निम्म्यावर आणलं, पीठ थंड पाण्यात मळलं आणि बऱ्यापैकी पाव जमला. कांदा मंद आचेवर अर्धा तास परतला की त्यात एक गोडवा येतो, तो मिठाची उणीव थोडी झाकतो. ठेचलेला लसूण, काळी मिरी, लिंबू आणि मोहरीची पूड सगळ्यात शेवटी घालायची, आधी घातली की चव मरते. हे मला कुणी शिकवलं नाही. आजही कुणाला पथ्याचं जेवण करायचं असलं तर मला विचारायला येतात. तेवढा मान मी घेतो.

पण डॉसनला याचं काही नव्हतं. तो चोऱ्या करायचा. कपाटाला मी कुलूप घातलं आणि किल्ली करगोट्याला बांधली, तर त्याने मित्रांकडून मागवायला सुरुवात केली. एकदा त्याच्या गमबुटात सॉसेजचा डबा सापडला. एकदा नकाशे ठेवायची पत्र्याची लांब नळी मी सहज उचलली तर जड लागली. उघडून बघतो तर आत अखंड सलामी. इतकी चपखल बसली होती की जणू मापानेच बनवली होती.

"साहेब, हा कुठला नकाशा?"

"माझ्या घराचा," तो म्हणाला. लाजला वगैरे काही नाही.

मी बाईंना सांगितलं, बाई त्याला बोलल्या, त्याने मान डोलावली, दोन दिवस नीट वागला, परत तेच. मी हात जोडले, रागावलो, मडमांकरवी निरोप दिले. एवढा शिकलेला माणूस, शंभर माणसं हाताखाली, पाइपाच्या सांध्यात केसाएवढी फट चालायची नाही. आणि स्वतःच्या अंगातली चाळणी फाटलीय, त्याचं काही नाही. मला तो प्रकार समजतच नव्हता.

तरी सूज उतरत होती. हळूहळू, पण उतरत होती. बाई नडगीवर अंगठा दाबायच्या, आधी खळगा तसाच राहायचा, आता तो भरून यायला लागला होता.

मग एका रविवारी दुपारी डॉसन स्वयंपाकघराच्या पायरीवर येऊन बसला. भांडला नाही. म्हणाला, "बालू, आमच्याकडे रविवारी हॅम असायचं. बायको भाजायची. मला चार चकत्या नकोत. एक दे. एकच."

मी नाही म्हणालो. तो उठून गेला. पाय ओढत गेला. तेवढ्याने माझं मन विरघळलं.

आणि इथे माझी हुशारी आडवी आली. आमच्याकडे खारी सुरमई करायची असली की आधी पाण्यात भिजत घालतात, पाणी बदलतात, मीठ उतरवतात. मला वाटलं, हॅमचं तसंच का करू नये? मी चकत्या कापल्या, उकळल्या, पाणी फेकलं. परत उकळल्या, परत फेकलं. तिसऱ्यांदा उकळल्या. एक तुकडा तोंडात टाकला. चोथा! मीठ कणभर नाही. मी खूश. बाईंना विचारायची गरज वाटली नाही. त्यांनी मीठ बंद म्हटलं होतं, मीठ मी काढलं होतं. त्यांच्या कागदावर 'खारवलेलं मांस बंद' अशी वेगळी ओळ होती, ती मी सोयीने विसरलो.

डॉसनने ती चकती अशी खाल्ली की मला बघवेना. दुसऱ्या दिवशी दोन दिल्या. आठवड्याने चार. चोऱ्या थांबल्या. त्याचं हसणं परत आलं. माझ्या पाठीवर थाप मारून म्हणायचा, "बालू, तू डॉक्टरपेक्षा शहाणा." मीही मनातून तसंच समजत होतो.

तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी तो जेवणघराच्या पाच पायऱ्या चढताना मधेच थांबला. कठडा धरून उभा. तोंड उघडं, छाती भात्यासारखी हलतेय. त्याला खुर्चीत बसवलं, बाई धावत आल्या. पाय दाबून बघितले तर अंगठा पेरापर्यंत आत गेला.

"काय खाल्लंस?" बाईंनी इंग्रजीत विचारलं. "खरं सांग."

डॉसनने माझ्याकडे बघितलं. मी टोपी हातात धरून उभा होतो.

"चोरून खाल्लं," तो धापा टाकत म्हणाला. "मुंबईहून मागवलं होतं. कुणाचा दोष नाही."

बाई संतापल्या. औषधाचं इंजेक्शन दिलं, दोन माणसं त्याच्याजवळ बसवली आणि गाडीची व्यवस्था करायला दवाखान्याकडे निघाल्या. खोटं त्याने माझ्यासाठी सांगितलं होतं. गप्प राहिलो असतो तर कुणाला काही कळलं नसतं. नोकरी राहिली असती, नाव राहिलं असतं. पण बाईंना वाटणार, थोडंसं चोरून खाल्लं आणि एवढी सूज आली, म्हणजे मूत्रपिंडं अगदीच गेली. त्या हिशोबाने त्या औषध देणार. हा विचार मनात आला आणि मी त्यांच्यामागे धावलो.

सगळं सांगितलं. तीन पाणी, चकत्या, किती दिवस, सगळं.

मला वाटलं, थोबाडीत बसणार. बाई म्हणाल्या, "जा, तुझं ते बिनमिठाचं हॅम घेऊन ये. तिसऱ्यांदा उकळलेलं."

मी घेऊन आलो. इंजेक्शनसाठी ठेवलेल्या शुद्ध पाण्यात त्यांनी एक तुकडा चुरला, ढवळला, पाणी गाळून काचेच्या नळीत घेतलं. दुसऱ्या नळीत नुसतं शुद्ध पाणी. दोन्हींत सिल्व्हर नायट्रेटचा एक एक थेंब. नुसतं पाणी तसंच राहिलं. हॅमच्या पाण्यात दूध नासावं तसा पांढरा साका झाला.

"हे तुझं मीठ."

"पण बाई, मी चाखून बघितलं. अजिबात लागलं नाही."

"तुला कसं लागेल? घिवलीत जन्मलास. लहानपणापासून सुक्या मासळीवर वाढलास. तुझी जीभ खाऱ्याची आहे, बाळकृष्ण. तुला अळणी वाटतं ते त्याच्यासाठी विष आहे. आणि नुसतं मीठच का? त्यातला सोरा, ते एवढं मांस, त्याचं काय केलंस? तेही तीन पाण्यांत धुतलंस?"

स्वयंपाक्याला त्याच्या जिभेवर बोललं की पुढे काही बोलायचं उरत नाही.

"आता रडत बसू नकोस," बाई म्हणाल्या. "त्याला मुंबईला न्यायचंय. आडवा झाला की त्याला श्वास घेता येणार नाही. तू मागे बस आणि त्याला धरून ठेव."

पालघरपर्यंतचा तो रस्ता मी विसरलेलो नाही. खड्ड्यागणिक डॉसन माझ्या खांद्यावर आदळायचा. दोन्ही हातांनी मी त्याला ताठ बसवून धरलं होतं, माझे हात बधिर झाले होते. पालघरला गाडी थांबली तेव्हा त्याला तहान लागली. बाईंनी मोजून दिलेलं पाणी होतं, त्यातलं दोन चमचे पाजलं. मी म्हणालो, "साहेब, माझी चूक झाली. मी बाईंना सांगितलं."

त्याने डोळे मिटूनच मान हलवली. "बालू, मला पहिल्याच दिवशी खारट लागलं होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर तू बंद केलं असतंस."

मला त्या क्षणी त्या माणसाचा भयंकर राग आला. हात मात्र सोडला नाही.

मुंबईच्या हॉस्पिटलात तो महिनाभर होता. नोकरी माझी राहिली. बाईंनी रिपोर्टात काय लिहिलं ते मी कधी विचारलं नाही.

त्याच दिवसांत पावसाळा लागला. होड्या किनाऱ्यावर ओढून झावळ्यांखाली झाकल्या. एका सुट्टीच्या दिवशी मी घरीच होतो, आय ओटीवर बसून सुके बोंबील निवडत होती. बाप तोवर वारला होता. घरात आय, माझी बायको सुमन आणि मी. मी आयसमोर बसलो आणि तिच्या पायांकडे नजर गेली. पायातली जोडवी मांसात रुतली होती. मी तिच्या नडगीवर अंगठा दाबला. काढला. खळगा तसाच.

"काय करतंस रं?" आय म्हणाली.

"आय, हे कधीपासून?"

"म्हातारपन हाय. सुजतात पाय. तुज्या आजीचे पन सुजायचे."

डॉसनचे पाय मी रोज निरखून बघत होतो. आयच्या पायांजवळून रोज ये-जा करत होतो आणि एकदाही बघितलं नव्हतं.

बाईंनी तिची लघवी दिव्यावर धरली. तोच पांढरा ढग. तोच कागद, या वेळी मराठीत. मी तो वाचून दाखवला तशी आय हसायला लागली.

"मीठ नाय, सुकं नाय, खारं नाय. मंग खाव काय? पावसात ताजा म्हावरा कुठला? तुज्या डॉक्टरनीला सांग, आमी समुद्रात जलमलो."

डॉसनला सगळं मिळत होतं आणि त्याला ते नको होतं. आयला पावसाचे तीन महिने सुक्या मासळीशिवाय दुसरं कालवणच नव्हतं, अख्ख्या गावाला नव्हतं. मी बोईसरहून अंडी, दुधी, भोपळा आणायला लागलो. सुमन तिचं वेगळं शिजवायची. आय तिचं अंडं शेजारणीच्या नातवाला द्यायची, आणि सुमनची पाठ वळली की चुलीत बोंबील खुपसायची. घरभर वास सुटायचा आणि ही तोंड पुसून म्हणायची, "शेजारी भाजतात." मी ओरडलो की रडायची. गेस्ट हाऊसमध्ये दिवसभर साहेबांच्या तक्रारी ऐकून घरी यावं तर तिथे हे. मला वाटायचं, सगळं सोडून कुठेतरी पळून जावं.

महिन्याने डॉसन परतला. निम्मा झाला होता. गळ्याचं कातडं लोंबत होतं. तीन आठवड्यांत काम दुसऱ्याच्या हवाली करून घरी जायचं, या अटीवर हॉस्पिटलने सोडलं होतं. आता तो माझं अळणी जेवण मुकाट्याने खायचा. मी एकदा बोलता बोलता आयचं सांगितलं. तो काटा थांबवून म्हणाला, "तिला पण? मला घेऊन चल."

रविवारी जीप घिवलीत आली तेव्हा अर्धं गाव मागे होतं. डॉसनला खाली बसता येईना, त्याला पाट रचून बसवलं. सुमनने दोन ताटं वाढली, दोन्हींत तेच. अळणी भात, दुधीची भाजी, कोंबडीचा एकेक तुकडा. आयने डोक्यावरचा पदर सारखा केला आणि त्याच्या ताटात डोकावली.

"याला पन अळणी?"

"हो, आय. त्यालाही तेच दुखणं."

"एवढा मोठा सायेब, आन याला पन मीठ नाय देत?"

डॉसनने घास घेतला आणि तोंड असं केलं की कुठल्याही भाषेत कळावं. आय हसली. तिनेही घास घेतला आणि तसंच तोंड केलं. मग तो इंग्रजीत माझ्या स्वयंपाकाला शिव्या देऊ लागला, ती आमच्या बोलीत. एकाचं दुसऱ्याला अवाक्षर कळत नव्हतं आणि दोघांचं मनापासून पटत होतं. मी मधे बसून दोन्हीकडच्या शिव्या खात होतो. बोलता बोलता दोन्ही ताटं स्वच्छ झाली.

जाताना डॉसनने आयला वाकून नमस्कार करायचा प्रयत्न केला, त्याला पुरतं वाकता आलं नाही. आय म्हणाली, "जा बाबा. नीट खा."

तो उरलेले दोन्ही रविवार आला. त्यानंतर आयने बोंबील चोरणं बंद केलं. सुमनने विचारलं तर म्हणाली, "त्याच्याकडं सगळं हाय आन तो सोडतो. मी काय त्याच्यापेक्षा हलकी?" डॉक्टरांनी, मी, सुमनने जे महिनाभर घसा फोडून केलं नाही ते डॉसनच्या अळणी ताटाने केलं. मला आनंद व्हायला हवा होता. खरं सांगतो, मला आधी चीड आली.

डॉसन गेला. पुढल्या वर्षी त्याच्या बहिणीचं पत्र आलं. बाईंनी ते मला वाचून दाखवलं. तो हिवाळ्यात वारला होता. बहिणीने लिहिलं होतं की तो पथ्य बहुतेक पाळायचा. बहुतेक! मी ते ऐकून स्वयंपाकघरात गेलो आणि उगाचच सगळी भांडी परत घासून काढली. त्या तीन आठवड्यांच्या चकत्या मी दिल्या नसत्या तर तो आणखी किती जगला असता, हे मी बाईंना एकदा विचारलं. त्या म्हणाल्या, "असं मोजता येत नाही." त्या मला वाचवत होत्या की खरं सांगत होत्या, ते मला आजही ठाऊक नाही.

आय आठ वर्षं जगली. आठ वर्षं अळणी खाऊन. बाईंची बदली झाली, दुसरे डॉक्टर आले. शेवटी आयची लघवीच कमी झाली, डोळे जड झाले. नवे डॉक्टर घरी येऊन बघून गेले आणि मला अंगणात बोलावून म्हणाले, "आता पथ्य राहू दे. जे मागेल ते द्या."

मी आत येऊन विचारलं, "आय, काय खावंसं वाटतं? सांग, काहीही."

ती म्हणाली, "बोंबील. भाजलेला."

सकाळची वेळ होती. मी सुमनला बाजूला केलं आणि चुलीपुढे स्वतः बसलो. चांगले दोन बोंबील निवडून निखाऱ्यावर भाजले, हलक्या हाताने, जळू न देता. काटे काढले. मऊ भातात कुस्करून तिच्या तोंडाशी एक घास नेला. तिने तो तोंडात घेतला, थोडा घोळवला आणि बाहेर काढला.

"कवढा खारट केलास रं," आय म्हणाली. "जलम भटारखान्यात गेला, आन अजून मिठाचा अंदाज नाय तुला."